गावचे वेफर्स: चांगला घाणा ओळखायचा कसा, टिकवायचा कसा आणि घरी काढायचा कसा

मोठ्या कंपनीचा पुडा उदगीरला फोडा नाहीतर दादरला, चव तीच, आणि त्यात वाईट काहीच नाही, रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये तोच बरा पडतो. पण आपल्या मराठवाड्यात जरा बऱ्यापैकी बाजारपेठ असलेल्या गावात एखादा तरी फरसाणवाला असतोच जो बटाटा स्वतः आणतो, स्वतः किसतो आणि दुकानाच्या तोंडालाच कढई मांडून तळतो, आणि त्याच्या चांगल्या दिवसाचा घाणा हातात पडला ना की मग पुड्याकडं बघू वाटत नाही. अडचण एकच, चांगला दिवस कुठला आणि वाईट कुठला हे काही पाटीवर लिहिलेलं नसतं. आज सकाळी तळलेला आणि परवाचा सादळलेला, दोन्ही एकाच काचेच्या पेटीत असतात आणि भाव पण एकच असतो. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहायलोय, दुकानात काय बघायचं, घरी आणल्यावर काय करायचं आणि दुकानातलं पटतच नसेल तर घरी कसे काढायचे.

गावचाच माल का

वेफर्स हा मुळात लांब न जाणारा माल आहे. वजनाला काही नाही पण जागा लई खातो, धक्का लागला की चुरा, दमट हवा लागली की मऊ, आणि उजेड लागला की त्यातलं तेल खवट. त्यामुळं जगात सगळीकडंच आधी हा धंदा गावापुरता होता. अमेरिकेत सुद्धा दुकानदार पिंपातून काढून कागदी पिशवीत बांधून द्यायचे, तळाशी गेलेला माल कायम शिळा, मग १९२६ मध्ये कॅलिफोर्नियात लॉरा स्कडर म्हणून एक बाई होत्या, त्यांनी मेणकागद इस्त्रीनं चिकटवून पिशव्या करून घेतल्या आणि त्यात वेफर्स भरून विकायला लागल्या, तिथून पुड्याचा जमाना सुरू झाला. पुढं पुड्यात नायट्रोजन आला. 'अर्धा पुडा हवाच भरलीय' म्हणून आपण शिव्या देतो ना, ती साधी हवा नसते, माल फुटू नये आणि तेल खवट होऊ नये म्हणून नायट्रोजन भरलेला असतो. आपल्याकडं अंकल चिप्स १९९२ ला आले, लेज १९९५ ला. आणि आज आपल्या प्रत्येक पानटपरीवर लटकलेलं बालाजी बघा, ते राजकोटच्या एका सिनेमा थिएटरच्या कँटीनमधून विराणी भावांनी वाढवत नेलेलं, म्हणजे ते पण एकेकाळी गावचेच वेफर्स होते की.

गावच्या फरसाणवाल्याकडं नायट्रोजन नाही, चकाकणारा पुडा नाही, जाहिरातीला क्रिकेटपटू नाही. त्याच्याकडं हुकमाचा एक्का एकच, ताजेपणा. तो नसेल तर त्याचे वेफर्स कंपनीपेक्षा वाईटच असतात, उगाच 'लोकल ते चांगलं' म्हणून डोळे झाकून घेण्यात अर्थ नाही. खालचं सगळं ह्या एकाच गोष्टीभोवती फिरतंय.

बटाट्याचं वर्ष

निम्मं काम कढईच्या आधीच झालेलं असतं. आपल्या मराठवाड्यात बटाटा फारसा पिकत नाही, आडतीवर येतो तो इंदूरचा, आग्र्याचा, आणि पावसाळ्याच्या शेवटी पुणे जिल्ह्यातल्या मंचर-खेडकडचा खरिपाचा. उत्तरेतलं पीक रब्बीचं, ते साधारण जानेवारी ते मार्चमध्ये निघतं. म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिल-मे पर्यंत नवा बटाटा, आणि नंतर जो येतो तो बराचसा कोल्ड स्टोरेजमधला.

आता कोल्ड स्टोरेजमधे होतं काय, भाजीचा बटाटा तिथं २ ते ४ अंशाला ठेवतात, मोड येऊ नयेत म्हणून. एवढ्या थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची थोडी थोडी साखर व्हायला लागते. भाजीत ते कळत पण नाही, पण वेफर्स तळले की ती साखर लालसर-तपकिरी होते आणि चव गोडसर मग कडवट. म्हणून दिवाळीच्या आसपास तोच दुकानदार, तीच कढई, तेच तेल, आणि तरी वेफर्स काळपट निघायलेत असं दिसलं तर त्याच्याशी भांडू नका, बटाटाच तसा आलाय. मुरलेला कारागीर असा बटाटा आणल्या आणल्या तळत नाही, दोन-तीन आठवडे साध्या हवेत, अंधाऱ्या कोरड्या खोलीत पडू देतो, त्यात बरीचशी साखर परत उतरते. कंपन्या मूळ बटाटाच १० ते १२ अंशाला ठेवतात आणि जात पण वेगळी वापरतात. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेनं खास ह्याच कामासाठी कुफरी चिप्सोना-१ आणि चिप्सोना-२ ह्या जाती १९९८ ला काढल्या, साखर कमी आणि बटाट्यात पाण्याच्या मानानं ऐवज जास्त. ऐवज जास्त म्हणजे तेल कमी पितो, हा साधा हिशोब आहे, बटाट्यातलं पाणी निघून गेलं की त्या जागी तेल शिरतं, मग पाणीच जास्त असेल तर तेल पण जास्त. पुखराज म्हणून जो पिवळसर, दिसायला देखणा बटाटा मिळतो तो लई पाणचट, भाजीला चालेल पण वेफर्सला नको. ज्योती त्यापेक्षा बरा.

घरी तळणार असाल तर एक सोपी परीक्षा आहे. एक लिटर पाण्यात साधारण सव्वाशे ग्रॅम मीठ विरघळवा आणि त्यात बटाटे सोडा. बुडाले ते वेफर्सला घ्या, तरंगले त्यांची भाजी करा. हिरवट झालेले बटाटे मात्र भाजीला पण नकोत, तो हिरवेपणा म्हणजे उजेडात पडून राहिल्याची खूण, त्याच्यासोबत सोलानिन नावाचं विषारी द्रव्य वाढतं, कडू लागतं आणि पोटाला त्रास होतो.

दुकानात गेल्यावर

कढई चालू असताना जा, हा पहिला नियम. बंद कढईच्या दुकानात तुम्ही फक्त भरवशावर खरेदी करता. आणि विचारायला लाजू नका, आपल्याकडं कुणी राग मानत नाही.

"मामा, हा घाणा आजचा का कालचा?"

"आजचाच हाय की, हात लावून बघा, गरम लागायलंय."

"आन ह्यो पेटीतला?"

इथं मामा जरा थांबले, नजर दुसरीकडं गेली, की समजून घ्यायचं. चांगला दुकानदार सरळ सांगतो, तो कालचा आहे, तुम्ही दहा मिनटं थांबा, नवीन काढायलोय. असा माणूस सापडला तर त्याचं दुकान सोडू नका.

मग हातात एक वेफर घ्या आणि नीट बघा, सगळं त्याच्यावरच लिहिलेलं असतं. उजेडासमोर धरा. चांगला वेफर पातळ, दीड मिलीमीटरच्या आतला, आरपार उजेड जाणवतो, कडा हलक्या वळलेल्या आणि अंगावर बारीक बारीक फोड. रंग फिकट सोनेरी, आणि मुख्य म्हणजे सगळीकडं सारखा. कड तेवढी लाल आणि मधला भाग पांढरट असेल तर तेल जास्त तापलेलं होतं, बाहेरून करपलं आणि आतून कच्चं राहिलं, असा वेफर तासाभरात वातड होतो. मधेच तपकिरी डाग किंवा गोल रिंगण दिसत असेल तर ती वर सांगितली ती साखर. सगळाच गडद असेल तर तो बाजूला टाका, चवीला कडू तर लागतोच, पण स्टार्च असलेले पदार्थ जास्त तापवून गडद केले की त्यात अॅक्रिलामाइड नावाचं नको ते रसायन तयार होतं, हे स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये दाखवून दिलंय. दोन-तीन वेफर एकमेकाला चिकटून बसलेत आणि चिकटलेल्या जागी मऊ आहेत, म्हणजे काप नीट धुतलेले नाहीत, वरचा स्टार्च तसाच राहिला. बोटाला तेलाचा थर आला, कागदावर ठेवल्यावर मोठा डाग पडला, म्हणजे तेल पुरेसं तापायच्या आधीच घाणा सोडला.

आता कानाजवळ नेऊन मोडा. हे हसण्यावारी नेऊ नका. ऑक्सफर्डचे चार्ल्स स्पेन्स आणि त्यांचे सहकारी झांपिनी ह्यांनी लोकांना हेडफोन लावून वेफर खायला दिले आणि चावल्याचा आवाज यंत्रानं कमी-जास्त केला, वेफर तेच पण आवाज मोठा केला की लोक म्हणायचे हा जास्त ताजा आहे. २००८ ला त्यांना ह्यासाठी इग्नोबेल मिळालं, ते गमतीचं बक्षीस असतं, पण आपली आजी पापड मोडून आवाज ऐकायची ती काय वेगळं करत होती. चांगला वेफर टणकन तुटतो आणि तुकडे उडतात. आधी वाकला आणि मग तुटला तर सादळलाय. न तुटता नुसताच वाकला तर पैसे परत पाकिटात.

शेवटी वास. नाकाजवळ धरला की भाजलेल्या बटाट्याचा आणि ताज्या तेलाचा वास यायला पाहिजे. जुन्या रंगाच्या डब्यासारखा किंवा खोबरं खवट झाल्यासारखा वास आला तर तो वेफर फुकट दिला तरी घेऊ नका. सादळणं वेगळं आणि खवट होणं वेगळं, ह्यात लोक गल्लत करतात. सादळलेला माल परत कुरकुरीत करता येतो (खाली सांगतो), खवटाला औषध नाही.

तेलाची गोष्ट

मराठवाड्यात जुन्या घरांत करडईचं तेल चालायचं, आणि आजही आपल्याला त्याच्या फोडणीचा वास ओळखू येतो, परभणीच्या कृषी विद्यापीठानं तर करडईच्या जाती काढल्यात. पण तळून ठेवायच्या वेफर्सला करडई तितकी बरी नाही, कारण त्या तेलात जवळपास तीन चतुर्थांश लिनोलिक आम्ल असतं, ते हवेशी पटकन जोडलं जातं आणि माल लवकर खवट होतो. आज तळून आजच खाणार असाल तर करडईत तळा, चव फार सुंदर येते. आठवडाभर ठेवायचे असतील तर शेंगदाणा तेल. दुकानदार बहुतेक पामतेल वापरतात, स्वस्त आहे म्हणून तर खरंच, पण ते तापवून लवकर बिघडत पण नाही आणि त्याला स्वतःचा वास नसतो. मला विचाराल तर ताज्या पामतेलातला वेफर शिळ्या शेंगदाणा तेलातल्यापेक्षा केव्हाही बरा. 'आमच्याकडं शुद्ध शेंगदाणा तेल' ही पाटी वाचून भुलू नका, कढईत डोकावून बघा.

कढईत काय बघायचं, तर तेल काळपट आणि काकवीगत घट्ट झालंय का, घाणा सोडल्यावर वर येणारे बुडबुडे पटकन विरतायत का फेस होऊन तसाच राहतोय, आणि घाणा नसताना नुसत्या तेलातून धूर निघतोय का. फेस टिकून राहणं आणि धूर ही वापरून वापरून संपलेल्या तेलाची खूण. तळणाच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड्स, म्हणजे तेल परत परत तापवून त्यात तयार होणारे बिघडलेले घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही असा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्र सरकारच्या अन्न सुरक्षा संस्थेचा, नियम २०१८ पासून आहे. ते मोजायचं मशीन आपल्याकडं नसतं, पण वरच्या खुणा डोळ्याला दिसतात.

एक गोष्ट उपवासवाल्यांसाठी. आषाढीच्या, महाशिवरात्रीच्या, नवरात्राच्या आदल्या दिवशी दुकानात नुसती रेटारेटी असते, माल पडून राहत नाही हा फायदा, पण घाईत घाणे मोठे सोडतात आणि अर्धवट काढतात. दशमीला संध्याकाळी गर्दीत घुसण्यापेक्षा सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जा. आणि त्याच कढईत शेव-भजी तळतात का ते विचारून घ्या, बेसन गेलेलं तेल कडक उपवासाला घरातल्या म्हाताऱ्या माणसांना चालत नाही. (तसं बघितलं तर बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, हे सगळं अमेरिका खंडातून इकडं आलंय आणि आपल्या उपवासाच्या ताटात पाटावर बसलंय, पण हे एकादशीला घरात बोलू नका.)

गावातल्याच एखाद्या छोट्या ब्रँडचा पॅकबंद पुडा घेत असाल तर मागं बघा, तळल्याची म्हणजे उत्पादनाची तारीख, वजन, बनवणाऱ्याचा पत्ता, हिरवा ठिपका आणि १४ आकडी एफएसएसएआय नंबर. तारीख नसेल तर सोडा. आरपार दिसणाऱ्या साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीतले आणि दुकानाबाहेर उन्हात टांगलेले पुडे तर मुळीच नकोत, उजेड आणि ऊन दोन्ही तेलाचे वैरी. सुटे घेतले तर रद्दी पेपरात बांधून घेऊ नका, छपाईची शाई तेलात उतरते.

किती घ्यायचे, कसे ठेवायचे

दोन-तीन दिवसांत संपतील एवढेच. किलोनं स्वस्त पडतात म्हणून किलोभर आणायचे आणि शेवटचा पाव किलो कुणीच खायचा नाही, हे प्रत्येक घरात होतं.

गरम वेफर्स लगेच डब्यात भरू नका, वाफ आतच धरते आणि झाकणाला पाणी सुटतं. ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या. मग घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, तळाला एक कोरा कागद, आणि डबा गॅसजवळच्या फळीवर नको, तिथं उष्णता आणि वाफ दोन्ही. उन्हाळ्यात आपली हवा इतकी कोरडी असते की डबा उघडा राहिला तरी तासाभरात काही बिघडत नाही, पण जूनला पहिला पाऊस झाला की खेळ बदलतो, ताटात काढलेले वेफर चहा होईपर्यंत मऊ. पावसाळ्यात खाण्यापुरतेच काढा आणि झाकण लगेच लावा, पोरांना हे शंभरदा सांगावं लागतं.

सादळलेच तर जाड बुडाची कढई मंद आचेवर तापवा, गॅस बंद करा आणि त्यात वेफर्स दोन-चार मिनटं नुसते परतत रहा, मग पसरून गार करा, कुरकुरीतपणा गार झाल्यावर येतो. मायक्रोवेव्ह असेल तर अर्धा मिनट पुरे.

कशासोबत

नुसते मिठाचे वेफर्स खरे. तिखट, पुदिना, टोमॅटो वगैरे मसाला मारलेल्या मालात शिळेपणा लपतो, म्हणून नवीन दुकानात पहिल्यांदा साधेच घ्या. तिखट पाहिजे तर घरी करा, आपल्याकडं चटण्यांना तोटा आहे का. जवसाची चटणी बारीक करून कोमट वेफर्सवर भुरभुरवा, जवसाचा स्वतःचाच तेलकट खमंगपणा असतो, तो बटाट्याला धरून बसतो. कारळाची चटणी पण चालते पण जरा कमी, नाहीतर कडसर होतं. लसूण घातलेली शेंगदाणा चटणी ही लातूर-धाराशिवकडच्या माणसाला वेगळी सांगायची गरज नाही. काळं तिखट टाकायचं असेल तर अगदी चिमूटभर, आणि वेफर गरम असतानाच, गार झाल्यावर मसाला अंगाला धरत नाही, नुसता डब्याच्या तळाला जमतो.

लिंबू पिळायचं तर खाताना पिळा. बारीक कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, मूठभर मुरमुरे आणि हातानं जाडसर मोडलेले वेफर्स, ही भेळ संध्याकाळच्या पाहुण्यांना झटपट होते, पण कालवून ताटलीत आणि ताटलीतून तोंडात, मधे मोबाईलवर फोटो काढत बसलात की संपलं. उपवासाला त्याच्याऐवजी खारे शेंगदाणे, बटाट्याची सळी, मिरचीचे तुकडे आणि लिंबू.

आणि एवढं सगळं सांगून हे पण सांगतो, शंभर ग्रॅम वेफर्समधे साधारण तेहतीस-पस्तीस ग्रॅम तेल असतं आणि साडेपाचशेच्या आसपास कॅलरीज. म्हणजे तिसरा हिस्सा तेलच खातोय आपण. वाटीत काढून खा, डबा मांडीवर घेऊन नाही.

घरी, दुकानासारखे

वर सांगितलेल्या मिठाच्या पाण्यातून निवडलेले मोठे, लांबट बटाटे घ्या. साल काढा, वेफर्सच्या किसणीवर थेट पाण्याच्या पातेल्यातच काप पाडा म्हणजे काळे पडत नाहीत. पाणी दुधासारखं पांढरं होईल, तो स्टार्च. पाणी बदलत रहा, तळाशी हात दिसेपर्यंत. मग अर्धा तास गार पाण्यात राहू द्या. दिवाळीच्या आसपासचा कोल्ड स्टोरेजवाला बटाटा असेल तर एक पायरी वाढवा, गरम पाण्यात (उकळतं नाही, हात घालवणार नाही एवढं) दोन-तीन मिनटं काप बुडवून काढा, त्यात वरची साखर निघून जाते आणि रंग बराच सुधारतो.

मग पंचावर पसरून वरून दुसऱ्या पंचानं टिपून घ्या. इथं आळस करू नका, ओले काप तेलात गेले की तेल उसळतं आणि तापमान धाडकन खाली येतं. कढई अर्धीच भरा. तेल १७० ते १८० अंश पाहिजे, थर्मामीटर नसला तर एक काप सोडून बघा, तळाला बसून राहिला तर थंड, सोडल्या सोडल्या लाल झाला तर जास्त, आणि लगेच वर येऊन भोवती जोरात बुडबुडे आले तर बरोबर. घाणा छोटा घ्या, काप एकावर एक चढता कामा नयेत. सुरुवातीला बुडबुड्यांचा नुसता गोंगाट असतो, ती बटाट्यातल्या पाण्याची वाफ. झाऱ्यानं हलवत रहा. आवाज हळूहळू बसतो आणि बुडबुडे जवळपास थांबतात, तेव्हा आतलं पाणी संपलं, लगेच काढा. रंगाची वाट बघू नका, आवाजाची बघा. गडद होईपर्यंत थांबलात तर बाहेर काढल्यावर ते अजून एक छटा पुढं जातात.

चाळणीत निथळा आणि लगेच मीठ, मिक्सरला फिरवून पिठासारखं केलेलं, म्हणजे सारखं बसतं. दुकानवाले मिठाचं पाणी उकळत्या तेलातच शिंपडतात, त्यानं चव आतपर्यंत जाते पण तेल अंगावर उडतं, घरच्या ओट्यावर हा प्रयोग करू नका. चार किलो बटाट्याचे साधारण किलोभर वेफर्स होतात, आता दुकानदाराचा भाव का तेवढा असतो ते पण कळेल.

वाळवणाचे

ह्यात मात्र आपला मराठवाडा राजा आहे. एप्रिल-मेमधे पारा चाळीसच्या वर, हवा कोरडी ठणठणीत, गच्ची तव्यागत तापलेली, दोन दिवसात चिप्स खणखणीत वाळतात. कोकणातल्या माणसाला असं ऊन विकत मिळायचं नाही.

काप वेफर्सपेक्षा थोडे जाड. धुऊन, पाण्यात तुरटीचा खडा फिरवून रात्रभर ठेवा, पांढरेशुभ्र राहतात. तुरटी जास्त झाली तर तुरट लागतात, तेव्हा खडा दोन-चारदा फिरवला की बाहेर काढा. सकाळी पाणी उपसून परत एकदा धुवा. मोठ्या पातेल्यात मीठ घालून पाणी उकळा, मीठ जरा कमीच, कारण वाळल्यावर चव दाटते. त्यात काप टाकून तीन ते पाच मिनटं, कडा आरपार दिसायला लागल्या आणि काप वाकवला तर तुटत नाही पण नखानं कापला जातो, इथं थांबायचं. जास्त शिजले की साडीला चिकटतात आणि सोडवताना फाटतात, कमी शिजले की तळल्यावर मधे टणक राहतात. निथळून लगेच जुन्या सुती साडीवर एकेक सुटा पसरा, उन्हं वर यायच्या आत. दुपारी एकदा उलटा. संध्याकाळी आत घ्या, गच्चीवर रात्री ठेवू नका, वळवाचा पाऊस सांगून येत नाही. वारा सुटला तर वरून पातळ जाळी नाहीतर दुसरी साडी टाका, धूळ बसली की तळल्यावर कचकच लागते. अर्धवट वाळलेले मऊ-मऊ चिप्स पोरं पळवणार, तेवढे हिशोबात धरूनच बटाटे आणा. पाच किलोचे वाळून किलोच्या आतबाहेरच भरतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोडून बघा. काचेसारखा तुटला तर डब्यात भरा, वाकला तर तिसरं ऊन. ओल राहिली तर श्रावणात डबा उघडल्यावर बुरशी दिसेल. नीट वाळलेले वर्षभर टिकतात, आणि तळताना तेल चांगलं तापलेलं पाहिजे, पाच-सहा सेकंदात फुलतात, जरा थांबलात की लाल.

केळ्याचे

बटाट्याच्या गोष्टीत हे घुसडतोय कारण अर्धापूर आणि वसमतच्या पट्ट्यात केळी इतकी होते की तिथून जाताना केळ्याचे वेफर्स न घेता येणं म्हणजे चूकच. पूर्ण कच्ची, हिरवी केळी लागते, काप थेट कढईवर किसणी धरून तेलात पाडतात, पाण्यात भिजवायची भानगड नाही. बटाट्यापेक्षा हे जाड असतात आणि टिकतात पण जास्त. काळी मिरीवाले घ्या. पिवळाधमक, डोळ्यात भरेल असा रंग असला तर हळद आहे का रंग आहे ते विचारा, बोटाला चोळून पाण्यात धुतल्यावर रंग किती सुटतो ते बघितलं तरी अंदाज येतो.

पुण्याला नेताना

सगळ्यात जास्त माल फुटतो तो इथं, कारण आपली निम्मी पोरं पुण्यात आणि प्रत्येकाच्या बॅगेत आईनं काहीतरी कोंबलेलं असतं. पिशवी नको, चौकोनी डबा घ्या, आणि तो गच्च भरा, मधे मोकळी जागा राहिली की वेफर्स एकमेकावर आपटून चुरा होतात. वरून कागदाचा बोळा दाबून झाकण लावा आणि कडेनं सेलोटेप. वाळवणाचे चिप्स असतील तर न तळता कच्चेच द्या, ते फुटत पण नाहीत आणि खवट पण होत नाहीत, तिकडं तळून घेतील. डबा वरच्या रॅकवर ठेवू नका, बस बीड बायपासला वळली की खाली येतो. पायाशी ठेवा. आणि रूमवर पोचल्यावर पार्टनर उठायच्या आत एक वाटी बाजूला काढून ठेवायची, बाकीच्याचा भरवसा नाही.